उत्सर्जनाचा आकडा आणि त्याचा कल : जागतिक कार्बन ताळेबंदाचे एक परीक्षण

दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात, संयुक्त राष्ट्रांची हवामानविषयक परिषद भरलेली असताना, ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’ या नावाने काम करणारी संशोधक मंडळी आपला वार्षिक ताळेबंद प्रसिद्ध करतात. २००१ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या निबंधावर आता शंभराहून अधिक लेखकांची नावे असतात. निबंधाची भाषा संयत असते आणि त्यासोबत संपूर्ण आकडेवारी कोणाही अभ्यासकास विनामूल्य उपलब्ध होते. २०२५ च्या आवृत्तीने त्या वर्षी दगडी कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांपासून वातावरणात जाणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे ३८.१ अब्ज टन भरेल असा अंदाज वर्तविला. मागील वर्षाच्या मानाने ही वाढ सुमारे १.१ टक्का होती. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत हे दोन आकडे झळकले. त्यांतील पहिल्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चर्चा झाली ती दुसऱ्याची. वाढ की घट, चढ की उतार, शिखर आले की अजून यावयाचे आहे, हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी होता.

प्रस्तुत लेखात परीक्षण करावयाचे आहे ते या दुसऱ्या आकड्याचे. अधिक नेमके सांगावयाचे तर, ‘कल’ या शब्दाखाली आज जे काही खपविले जाते त्याचे. ताळेबंद रचणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी अथवा परिश्रमांविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. किंबहुना, ज्या उणिवांचा निर्देश पुढे येईल त्यांपैकी बहुतेक उणिवा त्यांनी आपल्या निबंधात स्वतःच नमूद केल्या आहेत. तक्रार आहे ती निराळी. निबंधाच्या मध्यभागी जी सावधगिरी असते ती निबंधाच्या गोषवाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि गोषवाऱ्यात जी थोडीबहुत उरते ती आलेखाच्या रेषेत मुळीच शिल्लक राहत नाही. आमचे विद्यार्थी मात्र बहुधा रेषाच पाहतात.

या गणनेचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे, कारण आजचे पुष्कळसे गैरसमज त्या इतिहासाच्या विस्मरणातून निर्माण झाले आहेत. स्वीडिश शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनी १८९६ साली कार्बन डायऑक्साइड व भूपृष्ठाचे तापमान यांच्या संबंधावर आपला सुप्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी आपले सहकारी हॉगबोम यांची आकडेमोड आधारास घेतली होती. तीत जगाचे वार्षिक कोळसा-उत्पादन सुमारे ५० कोटी टन धरलेले होते. आऱ्हेनियस यांच्या दृष्टीने ही बाब गौण होती. त्यांचे मुख्य लक्ष हिमयुगांच्या कोड्याकडे होते, गिरण्यांच्या धुराड्यांकडे नव्हे.

धुराड्यांचा हिशेब खऱ्या अर्थाने मांडला तो गाय कॅलेंडर या इंग्रज गृहस्थांनी. हे व्यवसायाने वाफयंत्रांचे अभियंते होते. हवामानशास्त्र हा त्यांच्या फावल्या वेळेचा उद्योग. १९३८ साली रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले, की मागील पन्नास वर्षांत इंधनाच्या ज्वलनाने मनुष्याने हवेत सुमारे १५० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला असून त्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश अद्याप हवेतच आहे. निबंधावरील चर्चेत सर जॉर्ज सिम्प्सन यांनी, बाहेरून आलेल्या अभ्यासकांस वातावरणाच्या गुंतागुंतीची पुरेशी जाणीव नसते अशा आशयाचा शेरा मारला. (हे सिम्प्सन काही काळ भारताच्या हवामान खात्यात सिमल्यास होते.) आज मागे वळून पाहता कॅलेंडर यांच्या दोन विधानांचे भवितव्य किती भिन्न झाले ते लक्षात घेण्याजोगे आहे. १५० अब्ज टनांचा आकडा आजच्या मालिकांशी ताडून पाहता फारसा चुकलेला नाही. हवेत उरणाऱ्या भागाचा अंदाज मात्र चांगलाच चुकला. तो भाग तीन-चतुर्थांश नसून निम्म्याहून काहीसा कमी आहे, कारण समुद्र व वनस्पती कॅलेंडर यांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच अधिक वायू शोषून घेतात. तात्पर्य, जो आकडा जमाखर्चाच्या वहीतून आला होता तो टिकला, आणि जो निसर्गाच्या वर्तनाविषयी होता तो टिकला नाही. येथून पुढे या क्षेत्रात एक समजूत दृढ झाली: ज्वलनाची बाजू ही ताळेबंदातील पक्की बाजू होय, अनिश्चितता आहे ती समुद्र आणि अरण्ये यांच्या बाजूस. ही समजूत पूर्णतः चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे पक्क्या बाजूची तपासणी करण्याची सवय मागे पडली.

१९५८ च्या मार्चमध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रत्यक्ष मापन सुरू केले. या गृहस्थांचे मापन सर्वांस ठाऊक असते. तथापि १९७३ साली त्यांनीच संयुक्त राष्ट्रांच्या इंधनविषयक सांख्यिकीवरून औद्योगिक उत्सर्जनाची पद्धतशीर गणना केली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. पुढे मार्लंड व रॉटी यांनी १९८४ साली १९५० ते १९८२ या कालखंडाची मालिका व तिची कार्यपद्धती प्रसिद्ध केली, आणि अमेरिकेतील ओक रिज येथील कार्बन डायऑक्साइड माहिती केंद्राने ती वर्षानुवर्षे चालविली. ते केंद्र २०१७ साली बंद झाले व मालिकेचे काम ॲपलाचियन स्टेट विद्यापीठाकडे गेले. साऱ्या जगाच्या वादविवादाचा आधार असलेली मालिका इतक्या थोड्या लोकांच्या चिकाटीवर उभी राहिली, याची जाणीव तिचा उपयोग करणाऱ्यांस असावयास हवी.

आता या आकड्याची घडण पाहू. पहिली गोष्ट अशी, की उत्सर्जन कोणी मोजत नाही. ते गणिताने काढतात. हवेतील प्रमाण मोजले जाते, उत्सर्जन अनुमानिले जाते, हा भेद ज्याच्या मनात पक्का नाही त्याने या विषयावर प्रबंध लिहावयास घेऊ नये असे आम्ही स्पष्टच म्हणू. गणिताची रीत सोपी आहे. एखाद्या देशाने वर्षभरात किती इंधन काढले, त्यात आयात मिळवावयाची, निर्यात वजा करावयाची, परदेशगामी जहाजांस व विमानांस पुरविलेले इंधन वजा करावयाचे, साठ्यातील फरक जुळवावयाचा. जे उरेल तो त्या देशाचा भासमान खप. या खपास इंधनातील कार्बनच्या प्रमाणाने गुणावयाचे, जो भाग जळत नाही (डांबर, प्लास्टिक इत्यादी) तो बाजूस काढावयाचा, आणि मिळालेल्या कार्बनच्या वजनास ३.६६४ ने गुणून कार्बन डायऑक्साइडचे वजन काढावयाचे. शेवटचा गुणक म्हणजे दोन रेणुभारांचे साधे गुणोत्तर होय; त्यात वादास जागा नाही. तरीही काही निबंध ‘कार्बन’चे टन देतात, काही ‘कार्बन डायऑक्साइड’चे, आणि दोन्ही स्तंभ एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसविलेला एक शोधनिबंध परीक्षणासाठी हाती आल्याचे प्रस्तुत लेखकास स्मरते. त्यातील निष्कर्ष अर्थातच खळबळजनक होते.

खरी अडचण मधल्या गुणकात आहे. खनिज तेल व वायू यांच्या घटनेत फार फरक नसतो. कोळशाचे तसे नाही. कोळसा हे एका वस्तूचे नाव नसून खाणीखाणीगणिक बदलणाऱ्या वस्तूंच्या कुळाचे नाव आहे. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळणारा वऱ्हाड-नागपूरकडील कोळसा आणि ऑस्ट्रेलियातून जहाजाने येणारा कोळसा यांचा प्रत्येकी एक टन घेतला, तर पहिल्यात राखेचा अंश पुष्कळच अधिक असतो, आणि जी राख आहे तीत जळावयाचा कार्बन नाही. म्हणून वजनावरून गणना करणे धोक्याचे. उष्णतेवरून करणे बरे. आंतरसरकारी हवामान समितीचे प्रमाण गुणक याच तत्त्वावर आहेत: उष्णतेच्या एका गिगाज्यूलमागे सामान्य दगडी कोळशापासून सुमारे ९५ किलोग्रॅम, खनिज तेलापासून सुमारे ७३ किलोग्रॅम, नैसर्गिक वायूपासून सुमारे ५६ किलोग्रॅम. परंतु कोळशाची उष्णता तरी कोणी मोजावयाची? ती खाणीवर मोजली की भट्टीच्या तोंडाशी, धुतलेल्या कोळशाची की न धुतलेल्या, यावर उत्तर बदलते. आणि जागतिक उत्सर्जनात कोळशाचा वाटा आजही सुमारे चार-दशांश आहे.

व्याख्येचा प्रश्न त्याहून किरकोळ, पण वृत्तपत्री गोंधळास तोच कारण होतो. २०२३ या एकाच वर्षासाठी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ३७.४ अब्ज टन हा आकडा दिला, आणि त्या वर्षीच्या कार्बन ताळेबंदाने ३६.८ अब्ज टन. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ताळेबंद हा सिमेंटच्या बांधकामांनी हळूहळू परत शोषलेला वायू वजा करतो. शिवाय औद्योगिक प्रक्रियांचा समावेश दोहोंत सारखा नाही. मात्र एका संस्थेचा २०२२ चा आकडा आणि दुसरीचा २०२३ चा आकडा शेजारी ठेवून जो कोणी ‘घट’ शोधील त्यास ती हमखास सापडेल.

येथवर जे सांगितले ते जाणकारांस नवे नाही. ताळेबंदाचे लेखकही जागतिक आकड्याभोवती अधिक-उणे ५ टक्के अनिश्चितता आहे असे दर वर्षी लिहितात. ३८ अब्ज टनांचे ५ टक्के म्हणजे सुमारे १.९ अब्ज टन. भारताच्या साऱ्या वार्षिक उत्सर्जनाच्या निम्म्याहून हे अधिक होय. मग ज्याची पातळी ५ टक्क्यांच्या आत निश्चित नाही, त्याची वाढ १.१ टक्का अथवा ०.६ टक्का अशी दशांशापर्यंत कशी सांगावी?

यावर दिले जाणारे उत्तर असे, की ही चूक वर्षागणिक स्वैर नसते, ती एकाच बाजूस झुकलेली असते. तागडी पासंगाची असली तरी रोज त्याच तागडीने तोलल्यास आजचा माल कालच्यापेक्षा जास्त की कमी हे बरोबर कळते. म्हणून पातळी अनिश्चित असली तरी कल निश्चित मानता येतो. हा युक्तिवाद मुळात सयुक्तिक आहे आणि विकसित देशांच्या बाबतीत तो बव्हंशी लागूही पडतो. परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे: तागडी तीच राहिली पाहिजे. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. ज्या देशाने गेल्या पंचवीस वर्षांत जागतिक कलाचे वळण ठरविले, नेमक्या त्याच देशात तागडी वेळोवेळी बदललेली आहे.

चीनचे उदाहरण पाहावे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनच्या अधिकृत आकड्यांत कोळशाचा खप घटलेला दिसला. लहान खाणी बंद करण्याचे फर्मान निघाले होते; कागदावर त्या बंद झाल्या, प्रत्यक्षात अनेक चालू राहिल्या. त्या घटीवर त्या काळी विद्वत्तापूर्ण चर्चा झाली. अर्थव्यवस्था वाढत असता उत्सर्जन घटू शकते याचा तो पुरावा मानला गेला. पुढे सुधारलेल्या सांख्यिकीत ती घट बरीचशी विरघळून गेली. २०१२ साली ग्वान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की चीनची राष्ट्रीय सांख्यिकी आणि प्रांतांच्या सांख्यिकीची बेरीज यांवरून काढलेल्या उत्सर्जनात २०१० या एका वर्षी १.४ अब्ज टनांचे अंतर पडते. २०१५ साली चीनने मागील अनेक वर्षांचा कोळशाचा खप वाढवून पुन्हा प्रसिद्ध केला. आणि त्याच वर्षी लिऊ व सहकारी यांच्या निबंधाने नेमके उलट दिशेने सांगितले, की चिनी कोळशाचे उत्सर्जन-गुणक प्रमाण गुणकांपेक्षा सरासरीने ४० टक्के कमी आहेत, ऊर्जेचा खप अधिकृत आकड्यांपेक्षा १० टक्क्यांनी अधिक धरला तरी २०१३ चे एकूण उत्सर्जन प्रचलित मालिकांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी भरते. एक दुरुस्ती वर नेते, दुसरी खाली आणते. दोन्ही परस्परांस छेद देतात म्हणून निश्चिंत राहावे, असे म्हणणारे भेटतात. ते गणिताचे समाधान नव्हे, योगायोगाचे होय. शिवाय खाणी खोल जात असता, आयात वाढत असता आणि धुतलेल्या कोळशाचे प्रमाण बदलत असता गुणक वर्षानुवर्षे स्थिर राहील असे मानण्यास आधार नाही. गुणक सरकला की कलही सरकतो.

२०१४ ते २०१७ या चार वर्षांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयोग प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एकदा तरी करावा. २०१४ च्या आवृत्तीत २०१३ चे उत्सर्जन ९.९ अब्ज टन कार्बन असे दिले आहे. २०१५ च्या आवृत्तीत २०१४ चे उत्सर्जन ९.८ अब्ज टन दिले आहे, आणि लगेच म्हटले आहे की ते २०१३ च्या मानाने ०.६ टक्क्याने अधिक आहे. ९.९ वरून ९.८ वर येणे ही वाढ कशी? उत्तर सरळ आहे: दरम्यान २०१३ चा आकडाच खाली आणला गेला होता. यात लबाडी नाही, जुने आकडे सुधारणे हे तर शास्त्राचे कर्तव्यच. परंतु ज्या वर्षीच्या आकड्यात मागाहून एका टक्क्याइतका बदल होतो, त्या वर्षीची अर्ध्या टक्क्याची वाढ वा घट हा ‘शोध’ म्हणून जाहीर करणे कितपत योग्य? त्याच २०१५ च्या आवृत्तीने चालू वर्षासाठी ०.६ टक्का घटीचा अंदाज वर्तविला. उणे १.६ पासून अधिक ०.५ पर्यंतची मर्यादा कंसात दिलेली होती. वृत्तपत्रांनी कंस गाळला. पॅरिसची परिषद त्याच सुमारास भरली होती, आणि ताळेबंदाच्याच काही लेखकांनी ‘शिखर उत्सर्जन गाठताना’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक निबंध प्रसिद्ध केला. निबंधात सावधगिरीची वाक्ये होती, मथळ्यात नव्हती. २०१६ च्या आवृत्तीने २०१५ ची वाढ सुमारे शून्य ठरविली. २०१७ च्या आवृत्तीने २०१६ ची वाढही सुमारे शून्यच सांगितली, आणि सोबत २०१७ साठी २ टक्के वाढीचा अंदाज दिला. शिखर म्हणून जे दाखविले गेले होते ते एक पठार होते, आणि पठाराच्या पलीकडे पुन्हा चढ होता.

अशी पठारे पूर्वीही येऊन गेली होती. १९७९ च्या तेलसंकटानंतर १९८२ पर्यंत जागतिक उत्सर्जन सतत उतरत गेले. १९८४ च्या सुमारास ते पुन्हा जुन्या पातळीवर आले. २०२० साली साथीच्या टाळेबंदीमुळे सुमारे ५ टक्के, म्हणजे जवळजवळ २ अब्ज टन घट झाली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात एका वर्षातील इतकी मोठी घट दुसरी नाही. पुढील वर्षी तिचा बहुतेक भाग भरून निघाला. त्या साली एप्रिलच्या प्रारंभी दैनिक उत्सर्जन आदल्या वर्षाच्या सरासरीपेक्षा १७ टक्क्यांनी खाली गेले असा ल केरे व सहकारी यांचा अंदाज होता. दैनिक उत्सर्जनाची ही गणना रहदारी, वीजमागणी अशा अप्रत्यक्ष खुणांवरून केलेली होती, हे सांगावयास हवे. तरीही असल्या गणनेत हा प्रयत्न आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात अनिश्चिततेची पट्टी रेषेइतकीच ठळक रेखाटलेली आहे.

दशकवार पाहता चित्र असे दिसते. १९६० च्या दशकात वार्षिक वाढीचा दर ४ टक्क्यांच्या वर होता. पुढील दोन दशकांत तो उतरत गेला, १९९० च्या दशकात १ टक्क्याच्या आसपास आला, २००० च्या दशकात पुन्हा ३ टक्क्यांच्या घरात गेला, आणि अलीकडील दशकात अर्ध्या टक्क्याच्या जवळपास आहे. या मांडणीवरून १९६० चे दशक सर्वांत उधळे होते असे वाटते. प्रत्यक्ष टनांत पाहू. १९६० ते १९७० मध्ये वार्षिक उत्सर्जन सुमारे ९ अब्ज टनांवरून सुमारे १५ अब्ज टनांवर गेले. २००० ते २०१० मध्ये २५ अब्ज टनांच्या किंचित वरून ते ३३ अब्जांवर गेले. दहा वर्षांतील भर दुसऱ्या वेळी निःसंशय मोठी होती, शेकडेवारी मात्र लहान. छेद वाढत गेला की टक्का आपोआप आक्रसतो, त्यात कोणाचे कर्तृत्व नसते. १९९० च्या दशकातील मंदगतीविषयीही असेच. तीत सोव्हिएत संघराज्याच्या विघटनानंतर तेथील उद्योगधंदे कोसळल्याचा वाटा फार मोठा आहे; हवामान-धोरणाचे ते यश नव्हे. २००१ साली चीनचा जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश झाल्यावर जे घडले त्यापुढे ती मंदगती टिकली नाही.

शिवाय वाढीचा दर शून्यावर आला म्हणजे काय होते? वातावरणात दर वर्षी तितकीच भर पडत राहते, इतकेच. ओघ आणि साठा यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास शिकवावा लागतो, परंतु ‘उत्सर्जन स्थिरावले’ या वाक्याचा अर्थ ‘हवा स्थिरावली’ असा करणारे सुशिक्षित लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

असे असता, हवेसच साक्षीस का बोलावू नये? ती तर प्रत्यक्ष मोजली जाते. येथे एक रंजक अडचण आहे. हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत एका भागाने वाढण्यास सुमारे ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड लागतो. इंधनापासूनचे ३८ अब्ज आणि जंगलतोड इत्यादींपासूनचे सुमारे ४ अब्ज टन मिळून वर्षाला ५ भागांहून अधिक वाढ व्हावयास हवी. प्रत्यक्षात अलीकडच्या दशकातील सरासरी वाढ अडीच भागांच्या आसपास आहे, उरलेले समुद्र व वनस्पती घेतात. दीर्घ मुदतीत ही साक्ष ताळेबंदाच्या बाजूची आहे, आणि जमाखर्चाची वही मुळातच खोटी आहे असे म्हणणाऱ्यांचे तोंड तिने बंद होते. परंतु एकेका वर्षाच्या वाढीत एल निनोसारख्या घटनांनी एक भागाइतका चढउतार सहज होतो. २०२० ची २ अब्ज टनांची घट, शोषण वजा जाता, एका भागाच्या सुमारे एक-अष्टमांश भरते. ती त्या चढउतारात बुडून गेली. जी सर्वांत मोठी घट हवेत उमटली नाही, तेथे अर्ध्या टक्क्याचा कल हवा पाच-दहा वर्षांत तपासून देईल ही आशा व्यर्थ होय. म्हणजे ज्या काळात धोरणे ठरतात त्या काळापुरते तरी आपण वहीवरच अवलंबून आहोत, आणि वही कोण कशी लिहितो हा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा ठरतो.

वहीतील खाती कोणाच्या नावे घालावयाची, या वादाचा येथे ओझरता उल्लेख पुरे. १९९१ साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ ही छोटी पुस्तिका लिहिली. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने भारतास सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या पहिल्या पाच देशांत बसविले होते. त्या गणनेतील गृहीतांची पुस्तिकेने चिरफाड केली. त्या लेखनाचा सूर काही ठिकाणी आक्रमक आहे, परंतु त्यातील मूळ मुद्दा आजवर कोणास खोडता आलेला नाही: गणनेची पद्धत निवडतानाच दोषाची वाटणी होऊन जाते. आज भारताचा वार्षिक वाटा सुमारे ८ टक्के आहे, दरडोई उत्सर्जन सुमारे २ टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. आणि औद्योगिक क्रांतीपासूनच्या एकूण संचयात त्याचा वाटा ३ ते ४ टक्के. अमेरिकेचा संचित वाटा सुमारे एक-चतुर्थांश आहे. तीनही आकडे खरे आहेत आणि तीन निरनिराळ्या वाक्यांत त्यांचा उपयोग होतो. व्यापाराने या वाटणीत आणखी एक घडी पडते. पीटर्स व सहकारी यांच्या २०११ च्या गणनेनुसार विकसनशील देशांतून विकसित देशांकडे मालाच्या रूपाने गेलेले निव्वळ उत्सर्जन १९९० साली ०.४ अब्ज टन होते, ते २००८ साली १.६ अब्ज टन झाले. युरोपच्या उतरत्या रेषेचा काही भाग अशा रीतीने ग्वांगडोंगच्या चढत्या रेषेत सापडतो. परदेशगामी जहाजे व विमाने तर कोणाच्याच खात्यात नाहीत. ती फक्त जागतिक बेरजेत दिसतात. बेरीज आणि देशवार रकमा यांच्यातील ते अंतर पाहून गणितात चूक झाली असे वाटलेले विद्यार्थी दर वर्षी भेटतात.

यावर ताळेबंदाचे लेखक असे म्हणू शकतील, की आम्ही हे सर्व लिहितो, वाचक वाचीत नाहीत त्यास आम्ही काय करावे? हे म्हणणे अर्धे मान्य करावे लागेल. पण २०२६ च्या आरंभापासून दीड अंशाच्या मर्यादेसाठी उरलेली शिल्लक त्यांच्याच हिशेबाने सुमारे १७० अब्ज टन, म्हणजे आजच्या दराने चार वर्षांपुरती आहे. इतकी तोकडी शिल्लक सांगणाऱ्या निबंधात वार्षिक टक्क्यास अग्रस्थान का मिळावे हे आम्हांस उमगत नाही. २०२१ च्या आवृत्तीत जमीन-वापराचे उत्सर्जन सुधारताच मागील दशकाचा एकूण कल चढता असलेला एकदम सपाट दिसू लागला होता, हा अनुभव ताजा आहे. गोषवाऱ्यात वार्षिक वाढीऐवजी दहा वर्षांची सरासरी द्यावी, तिच्या शेजारी मागील आवृत्तीत तेच दशक कसे दिसत होते ते छापावे, आणि चीनचा आकडा वगळून उरलेल्या जगाचा कल स्वतंत्र रेषेने दाखवावा, एवढ्या तीन सुधारणांनी बरेच साधेल. त्यांपैकी दुसरी सुधारणा करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. जुन्या आवृत्त्यांचे तक्ते उपलब्ध आहेत, एम. ए. च्या एखाद्या विद्यार्थ्याने २००० ते २०१५ या प्रत्येक वर्षाचा आकडा आवृत्तीगणिक कसा सरकत गेला याचा नुसता तक्ता जरी तयार केला, तरी तो या पत्रिकेत आनंदाने छापता येईल.